उत्तर आधी, प्रयोग मागून

कॉलेजच्या पहिल्या वर्षी आमच्या अख्ख्या बॅचचा g, म्हणजे गुरुत्वत्वरण, नेमका ९८० आला. मीटरभर लांबीच्या लंबकाची वीस आंदोलनं मोजायची होती. चौदाव्यापर्यंत आम्ही प्रामाणिक होतो. मग शेजारच्या टेबलावर मॅटिनीचा विषय निघाला आणि उरलेली सहा श्रद्धेनं पूर्ण झाली. बाकी आकडे सीनियरच्या जर्नलात होतेच.

सर शांतपणे म्हणाले, "तुमचं स्टॉपवॉच ०.१ सेकंदाचं. ४०.१ सेकंद आले तर g ९८२ निघतो, ४०.२ आले तर ९७७. ९८० कुठल्या फटीतून आला? शिवाय पुण्यात तो ९७८ च्या आसपास असतो. ९८० हवा असेल तर काश्मीरच्याही पुढे जा."

तेव्हा कळलं, की प्रयोगशाळेतल्या निम्म्या रीती निसर्गासाठी नसतातच. आपल्यावर पहारा ठेवायला असतात. प्रत्येक शास्त्राचा पहारेकरी तेवढा वेगळा. फिजिक्स विचारतं, यात चूक किती टक्के? केमिस्ट्री म्हणते, परत कर. टायट्रेशनला फेनॉल्फ्थॅलीनची फिकट गुलाबी छटा दिसली की थांबायचं. एक थेंब जास्त पडला की फ्लास्क थेट राणी रंगाचा शालू नेसतो. मग लॅबचे मामा लांबूनच म्हणायचे, "ओता बेसिनमध्ये." ब्युरेटचं रीडिंग पुन्हा तेच आल्याशिवाय सुटका नाही. बॉटनीवाले दोन कुंड्या ठेवतात: एकीला खत, दुसरीला फक्त पाणी. त्या दुसरीचा जन्म निव्वळ तुलनेसाठी. आमच्या घरी हे काम माझ्या मावसभावाचे मार्क करत.

मोठमोठेही यातून सुटलेले नाहीत. मिलिकननं तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला, १९२३ मध्ये नोबेलही मिळवलं. पण हवेच्या चिकटपणाचा आकडा किंचित चुकीचा धरल्यानं त्याचं उत्तर जरा कमी आलं होतं. नंतरच्यांची उत्तरं मात्र एकदम बरोबर आली नाहीत. बिचकत बिचकत वर सरकली. रिचर्ड फाइनमननं १९७४ च्या एका भाषणात त्याचं कारण सांगितलं: आकडा फार वर गेला की लोक चूक शोधत बसायचे, मिलिकनच्या जवळ आला की शोधणं थांबायचं. म्हणजे आमचीच बॅच, फक्त शिकलेली.

परवा डॉक्टरांनी घरी बीपी मोजून लिहायला सांगितलं. पहिल्यांदा वरचा आकडा १४८ आला. हात नीट ठेवला नव्हता. मग १४२. नुकताच चहा झाला होता. तिसऱ्यांदा १३६ आला, तेव्हा कुठे मला यंत्राची खात्री पटली आणि मी वही उघडली.

"अहो, तिन्ही लिहा," स्वयंपाकघरातून आवाज आला. ही बॉटनीची.