निवांत बेट कसे उरकावे

अंदमानातलं शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीचं नील, निवांतपणासाठी प्रसिद्ध आहे. क्षेत्रफळ जेमतेम चौदा चौरस किलोमीटर. विमानतळ नाही, पूल नाही, यायचं-जायचं ते बोटीनं. अशा ठिकाणी गाफील पर्यटक खरोखरच निवांत होण्याचा धोका असतो. तो टाळून बेट वेळेत उरकायचं असेल, तर खालील सूचना काटेकोरपणे पाळाव्यात.

१. नावांवरून वाद घालावा.
बोट जिथून सुटते ते पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम झालं आहे. नीलचं शहीद द्वीप आणि शेजारच्या हॅवलॉकचं स्वराज द्वीप २०१८ साली झालं. नील आणि हॅवलॉक हे १८५७चा उठाव चिरडणारे इंग्रज सेनाधिकारी. त्याच उठावाला स्वातंत्र्यसमर म्हणणारे सावरकर १९११ ते १९२१ पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलमध्ये होते. जेल बघताना डोळे पुसावेत आणि बाहेर येताच ‘नीलचं बुकिंग झालं का हो?’ असं सहलीच्या मॅनेजरला विचारावं. बेटावर ‘शहीद द्वीप’ची पाटी दिसली, की आपल्याला भलतीकडेच उतरवलं म्हणून धक्क्यावरच आवाज चढवावा.

२. तिकीट खासगी बोटीचं काढावं.
सरकारी बोट स्वस्त असते, पण तिच्या डेकवर उभं राहता येतं. तिथे वारा लागतो, समुद्र दिसतो, आणि गावी परतणारी बेटावरची माणसं बोलायला लागू शकतात. खासगी बोटीत गार हवा आणि बंद काचा असतात. पडद्यावर गाणी लागली, तर समुद्राकडे पाठ फिरवायला सबळ कारणही मिळतं. आपण भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचनं जाणारी माणसं आहोत, हे इथे कुणाला कळता कामा नये.

३. बोट लागण्याची पूर्वतयारी करावी.
जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर बसावं आणि नजर क्षितिजावर ठेवावी, म्हणजे त्रास कमी होतो, असं जाणकार सांगतात. आपण भांडून अगदी पुढची खिडकी मिळवावी आणि मान खाली घालून कालचे फोटो निवडत बसावं. उलटीची गोळी निघण्याआधी घ्यायची असते. ती सामानात गेलेल्या बॅगेत ठेवावी. आलेपाक मात्र हाताशी असावा, कारण तो शेजारच्यांना वाटता येतो आणि सल्ला देण्याची सोय होते.

४. इतिहास रिक्षेतच संपवावा.
१९६०च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारनं इथे जमिनी दिल्या. गावांची नावं पडली रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. रिक्षावाला हे सांगत असताना ‘मग शत्रुघ्न कुठाय?’ असं विचारावं. त्यानं हा विनोद आजच चार वेळा ऐकलेला असतो, तरी तो हसेल. इथे पिकणारी भाजी पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाते, हे त्याला सांगायचं असतं. तोवर जेवायला वरण-भात कुठे मिळेल याची चौकशी सुरू करावी.

५. सूर्याला आपली वेळ द्यावी.
अंदमान मुंबईच्या सुमारे वीस अंश पूर्वेला आहे. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. परिणामी इथला सूर्य मुंबईच्या मानानं ऐंशीएक मिनिटं आधी येतो आणि तसाच आधी जातो; डिसेंबरात पाचच्या सुमाराला मावळतो. मुक्कामावर चहा-भजी करून सहा वाजता लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर पोहोचावं. अंधार दिसल्यावर रिक्षावाल्याला जबाबदार धरावं. सीतापूरचा सूर्योदय याच पद्धतीनं, नाश्ता झाल्यावर पाहावा.

६. ओहोटीची चौकशी करू नये.
लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर लाटांनी कोरलेली दगडी कमान आहे. बंगाली वस्तीनं तिला सरळ हावडा ब्रिज करून टाकलं आहे. तिथवरची वाट प्रवाळाच्या खडकांवरून जाते, म्हणून ओहोटीलाच जायचं असतं. ओहोटीची वेळ रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. सहलीचा छापील कार्यक्रम सरकत नाही. या झगड्यात नेहमी कार्यक्रमाची बाजू घ्यावी. चुकून ओहोटी साधलीच, तर खडकांमधल्या डबक्यांत खेकडे, समुद्रकाकड्या आणि चिमुकले मासे अडकलेले दिसतात. तिथे रेंगाळू नये. कमानीखाली फोटोची रांग वाढत असते.

७. आठवण म्हणून प्रवाळ उचलावं.
किनाऱ्यावर पांढऱ्या प्रवाळाचे तुकडे विखुरलेले असतात. प्रवाळाला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि ते नेणं गुन्हा आहे. तरीही ‘मेलेलंच तर आहे’ म्हणून ते टॉवेलात गुंडाळावं. विमानतळावर बॅग उघडली गेली, की मुलांकडे बघून ‘कुणी ठेवलं रे हे?’ असं दरडावावं.

८. परतीची बोट रद्द झाल्यास.
समुद्र खवळला, की फेऱ्या बंद होतात. प्रथम मॅनेजरला फैलावर घ्यावं. नंतर ओळखीच्या आमदाराच्या पीएला फोन लावावा. समुद्रापुढे वशिला चालत नाही, हे समजायला दोन कप चहा लागतो. मग अख्खा दिवस हाती उरतो आणि पॉइंट तर सगळे उरकलेले असतात. अशा वेळी पुन्हा त्या डबक्यांपाशी जाऊन बसावं, खानावळीत मिळेल तो मासा आणि भात खावा, मालकाला त्याचे आजोबा कुठून आले ते विचारावं, असले विचार मनात येऊ शकतात. ते झटकावेत. नाहीच झटकले गेले, तर निदान ग्रुपवर फोटो टाकू नयेत. पुढच्या बॅचची माणसं इथे दोन रात्री मागू लागतील, आणि छापलेली पत्रकं वाया जातील.