उभ्या गाडीचा गुन्हा

२३ फेब्रुवारी २०१९ रोजी येलहंक्याच्या हवाई तळावर एरो इंडिया प्रदर्शन चालू असताना बाहेरच्या पार्किंगमध्ये वाळलेल्या गवताने पेट घेतला आणि सुमारे ३०० गाड्या खाक झाल्या. भरपाई कोणाची? सगळ्यांनी विमा कंपनीकडे बोट दाखवलं. पण १९८८च्या मोटार वाहन कायद्याची सक्ती फक्त थर्ड पार्टी विम्याची आहे. तेवढाच उतरवून कायदा निमूट पाळणाऱ्याच्या हाती राखच. सर्वसमावेशक पॉलिसीवाल्याला पैसे मिळतात खरे, पण घसारा वजा जाता. गाडीने चार वर्षं ओलांडली की किंमत निम्म्यावर. आग दुसऱ्याच्या गवताची, घसारा मात्र आपला!

कोणी म्हणेल, विमा असतो तो याचसाठी. असतो; पण विमा नुकसान भरून देतो, निष्काळजीपणा धुऊन काढत नाही. म्हणून तर पैसे चुकते केलेली कंपनी खऱ्या दोषीकडून वसुली करू शकते. दुसरा आक्षेप, पार्किंगवाला जागा देतो, राखण नव्हे. नोव्हेंबर २०१९मध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की किल्ली व्हॅलेच्या हाती दिल्यावर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापून हॉटेलला स्वतःच्या हलगर्जीतून सुटता येत नाही. मोकळ्या मैदानात किल्ली आपल्याच खिशात असते, हे कबूल. पण गवत कापून ठेवायला आणि बंब जवळ उभा करायला आयोजकांना कोणाची किल्ली लागते?