पीपी नंबर

"मंगल, ते 'टायपिंग, टायपिंग' दिसतं आणि मग काहीच येत नाही, ते काय असतं गं?"

गोडबोलेकाकू कढीपत्ता मागायला कुंपणापाशी आल्या की कढीपत्ता हे निमित्त समजावं. सहकारनगरातल्या आमच्या दोन बंगल्यांमधली ही भिंत जेमतेम छातीइतकी. काकूंची उंची त्याहून बेताची. म्हणून त्यांनी आपल्या बाजूला एक कुंडी पालथी घालून ठेवलीय आणि वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्या तिच्यावर उभ्या राहून बोलतात. मुलगा ओरडतो. कुंडी तिथेच आहे.

"म्हणजे समोरच्यानं लिहायला घेतलं आणि मग विचार बदलला."

"हात्तिच्या! आणि एवढ्यासाठी आमची ईशा परवापासून त्या फोनकडे टक लावून बसलीय? म्हटलं, सरळ फोन लाव की त्याला. तर म्हणते, आजी, असा अचानक फोन नाही करत कुणी, आधी मेसेज टाकून विचारतात. बोलायच्या आधी 'बोलू का' म्हणून विचारायचं? तुझा तो विचारायचा का?"

'तुझा तो' आमच्या व्हरांड्यात पेपर वाचत बसला होता. पेपर किंचित खाली आला आणि पुन्हा वर गेला.

विचारणार कसा? 1978 साली आमच्या गल्लीत फोन एकच, तो काकूंकडे. काका डॉक्टर, म्हणून त्यांना लवकर मिळाला. बाकीच्यांनी अर्ज करायचा आणि विसरून जायचं. मुलीच्या बारशाला नंबर लावावा, तिच्या लग्नापर्यंत आला तर आला. त्यामुळे काकूंचा तो पाच आकडी नंबर गल्लीतल्या निम्म्या घरांच्या लग्नपत्रिकांवर 'पीपी' म्हणून छापलेला असायचा. काळा, जड फोन, त्यावर क्रोशाचं झाकण, डायलच्या भोकात चिमुकलं कुलूप आणि किल्ली काकूंच्या कमरेला. कुणाचाही फोन आला की काकू याच कुंपणाशी येऊन हाक मारत, "मंगलऽऽ, फोऽन!" म्हणजे मला कळायच्या आधी गल्लीला कळे.

"तू पळत यायचीस ना, तेव्हा एक चप्पल तुझी आणि एक आईची असायची," काकू म्हणाल्या. "मला तेव्हाच समजलं. मैत्रिणीच्या फोनला कुणी असं धावत नाही."

काकूंना आमची गोष्ट ठाऊक आहे ती फोनपासून पुढची. आधीची मी कधी सांगितलीच नव्हती. आता म्हटलं, ऐका.

आमचं एस.पी.त जमलं ते झेरॉक्स नव्हतं म्हणून. हा विदर्भातून आलेला, हॉस्टेलवर राहणारा, 'बादशाही'त जेवणारा. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला शेजारच्या टेबलावर. मलेरियानं पंधरा दिवस पडला आणि उठल्यावर माझं जर्नल मागायला आला. आता फोटो काढून दोन मिनिटांत वही परत करतात. तेव्हा सगळं हातानं उतरवायचं, म्हणजे चार दिवस तरी वही दुसऱ्याकडे राहणार. परत आली तेव्हा तिला नवं खाकी कव्हर होतं आणि आत माझ्या टायट्रेशनच्या एका रीडिंगशेजारी पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ब्युरेट नीट धुवावी.'

"शी! यावर तू भाळलीस?"

"अक्षर बघायला हवं होतं काकू तुम्ही."

"अक्षर बघितलंय की. तुझ्या आईनंच दाखवलं होतं."

ते पुढे येतंच. मधल्या दोन वर्षांत आम्ही टिळक रोड पायी तुडवला. डबलसीट जायची सोय नव्हती. पोलिसानं अडवलं तर दंडाचं एक वेळ चाललं असतं, पण पुण्यात पोलिसाआधी ओळखीचा कुणीतरी काका अडवतो. त्यावर तोड म्हणजे सायकल हातात धरून चालायचं. सायकल मधोमध असली की दोघांत अंतर राहतं, आणि बघणाऱ्याला वाटतं, बिचारीची पंक्चर झालीय, मुलगा मदत करतोय. त्या काळात पुण्यात सगळ्यांत जास्त पंक्चर होणारी सायकल माझी होती. बाबांनी शेवटी वैतागून दोन्ही टायर नवे घातले. तरी पंक्चर होतच राहिली.

सिनेमाला जायचं तर तिकीट मी काढायचं, कारण बायकांची रांग वेगळी आणि छोटी. 'नीलायम'च्या खिडकीवर मुलींच्या हाती मुलांनी पैसे सरकवलेले असत. हाऊसफुलच्या दिवशी तर एरवी आमच्याशी न बोलणारी मुलंही फार अदबीनं 'ताई' म्हणत.

पण खरी चैन डिसेंबरात. सवाई गंधर्व! रेणुका स्वरूपच्या पटांगणात गाणं रात्रभर चालायचं, आणि सदाशिव पेठेतल्या कडक बापालाही 'गाण्याला जाते' या वाक्यावर 'नाही' म्हणता येत नसे. संध्याकाळी सातच्या आत घरात येणारी मुलगी सकाळी दूधवाल्याबरोबर परत आली तरी चालायचं, फक्त कोण काय गायलं हे सांगता आलं पाहिजे. बाबा उलटतपासणी घेत. "पहाटे भीमसेननी काय घेतलं?" म्हणून मी रागांची नावं हातावर पेनानं लिहून आणायची. याला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या वर्षी तंबोरे जुळवून झाले तेव्हा यानं टाळ्या वाजवल्या होत्या. पुढचे चार लोक वळून बघायला लागले. पुण्यात त्याहून मोठी शिक्षा नाही.

सतरंजीवर मी, माझ्या शेजारी सोबत म्हणून पाठवलेली लीलाआत्या, तिच्या पलीकडे थर्मास, आणि दोन रांगा मागे शाल पांघरून हा. बोलायचं काही नाही. विलंबित ख्याल तासभर चालला की तेवढा वेळ माझ्या पाठीला कळत असायचं की मागे कुणीतरी आहे. मध्यंतरात चहाच्या टपरीशी गर्दीत पाच मिनिटं. आत्या मात्र फार सोयीची होती. मध्यंतर झालं रे झालं की ती आपणहून कॉफी प्यायला उठायची आणि पुढचं गाणं अर्धं झाल्यावर उगवायची. हा अंधारातला रात्रभराचा मुक्काम पुढे संपलाच. 2000 साली आवाजाचे नियम आले आणि रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद. गाण्याचं काय नुकसान झालं ते जाणकार सांगतील. माझ्यासारख्या कितींचं लग्न त्या नियमानं अडलं असतं, ते कुणी मोजत नाही.

"लीला सोयीची होती म्हणतेस?" काकूंनी कढीपत्त्याची फांदी वाकवून धरली होती ती सोडली. "बरं. तू पूर्ण कर आधी."

मग याला चंद्रपूरकडे कागदाच्या गिरणीत नोकरी लागली आणि पत्रं सुरू झाली. इनलँडवर. निळ्या इनलँडची एक भानगड असते. डिंकानं तीन कडा चिकटवल्या तरी बोटानं जरा फुगवून एका डोळ्यानं आतल्या चार ओळी वाचता येतात, आणि आमच्या घरी आईचा तो डोळा फार तयार होता. म्हणून हा 'सुनंदा' झाला. "प्रिय मंगल, इकडे थंडी फार आहे. तुझी आठवण येते. काकूंना नमस्कार. तुझीच मैत्रीण, सुनंदा."

हे चार-सहा महिने निर्धोक चाललं. नंतर आईच्या बोलण्यात सुनंदा यायला लागली. किती नियमित लिहिते. दर वेळी मला नमस्कार सांगते. अक्षर काय मोत्यासारखं. परगावी एकटी राहून नोकरी करते, म्हणजे धीट आहे. मग एक दिवस जेवताना आई बाबांना म्हणाली, "आपल्या श्रीकांतसाठी विचारायला काय हरकत आहे?"

श्रीकांत माझा मोठा भाऊ. मला ठसका लागला तो आमटीचा नव्हे.

"तुझी आई ते पत्र घेऊन आली होती माझ्याकडे, इथेच, कुंपणाशी," काकू आता कुंडीवर डुलत हसत होत्या. "म्हणाली, डॉक्टरीणबाई, बघा मुलीचं अक्षर. मी बघितलं. आणि आदल्याच दिवशी त्या सुनंदाचा ट्रंककॉल मी घेतला होता. काय तो आवाज! खर्जातला. मी काय सांगणार? म्हटलं, अक्षर छान आहे हो, पण पत्रिका जुळायची नाही."

"तुम्ही तेव्हाच मला का नाही सांगितलंत?"

"मला बघायचं होतं, तू भावाचं लग्न कशी मोडतेस."

तर ट्रंककॉल. 180 फिरवून बुक करायचा आणि काकूंच्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसायचं. ऑर्डिनरी लावला तर संध्याकाळी लागेल नाहीतर उद्या. अर्जंटला दुप्पट पैसे. लाइटनिंगला आठपट, तो फक्त श्रीमंतांसाठी आणि मयतासाठी. बरं, लागल्यावर तरी काय? पुण्याहून चंद्रपूरला ऐकू जायचं तर गळ्याच्या शिरा ताणाव्या लागत. 'मला तुझी आठवण येते' हे वाक्य डॉक्टरांच्या दवाखान्यात सात पेशंट बसलेले असताना ओरडून बघावं एकदा. त्यात एका दिवशी लाइन इतकी खराब, की मधली ऑपरेटरबाई वैतागून स्वतःच बोलायला लागली. "थांबा, त्यांना ऐकू येत नाहीये, मी सांगते. हॅलो चंद्रपूर, पुणं म्हणतंय आठवण येते. हं. पुणं, चंद्रपूर म्हणतंय त्यांनाही येते. तीन मिनिटं झाली, वाढवू का?"

व्हरांड्यातून आवाज आला, "वाढवली होती. तीन मिनिटं." पेपर वरच होता.

याच्याच हौसेपायी माझ्या वाढदिवसाला तार आली. तेव्हा दारात तारवाला म्हणजे कुणीतरी गेलं, असाच हिशेब. आईनं ती न उघडताच देव्हाऱ्यासमोर बसकण मारली, बाबांनी थरथरत फोडली, तर आत पोस्टखात्याच्या ठरीव शुभेच्छा आणि खाली 'सुनंदा'. बाबा म्हणाले, "ही मुलगी घरात नको. उधळी आहे." तारा 2013 च्या जुलैत बंद झाल्या, तेव्हा बाकीचे लोक हळवे झाले होते. आमच्या आईनं सुटकेचा निःश्वास टाकला.

"मजा मजा करत्येस," काकू एकदम म्हणाल्या, "पण मागच्या गल्लीतली मधू आठवते ना?"

आठवते. तिचं पत्र लायब्ररीच्या पुस्तकात राहिलं आणि पुस्तक वडलांनी उघडलं. दोन महिन्यांच्या आत तिचं लग्न लावून दिलं, बी.एस्सी. पहिल्या वर्षालाच सुटलं. वर्गातल्या हजेरीत तिचं नाव बरेच दिवस घेत होते. मुलगा कोण, कुठला, कुणी विचारलंही नाही.

"तिचा फोन यायचा माझ्याकडे," काकू म्हणाल्या. "सासरहून. आईला बोलवा म्हणायची. आई यायची, पण वडील पाठोपाठ येऊन शेजारी उभे राहायचे, मग दोघी पावसापाण्याचं बोलायच्या. ईशा फोन घेऊन गच्चीत जाते आणि दार लावते ना, मुलाला राग येतो. मला नाही येत."

यावर मी काही बोलले नाही. कढीपत्ता खुडून दिला. तो काकूंनी पदरात घेतला, पण त्या कुंडीवरून उतरेनात.

"आता लीलाचं सांगते. दर शनिवारी चार वाजता मला एक फोन यायचा. मी हॅलो म्हटलं की पलीकडे नाणं पडायचं खळ्ळकन, आणि मग नुसता श्वास. बोलायचं नाही. मग एकदा खोकला. आणि ठेवला. आठवडे नव्हे, दोन वर्षं."

"ब्लँक कॉल?"

"पोस्टातल्या डब्यावरून. तो माणूस घरातून निघून, अर्धा मैल चालून पोस्टात जाऊन, पैसे घालून इथे फोन करायचा. का, तर मी कुंपणाशी येऊन हाक मारावी म्हणून. एकदा वैतागून मी विचारलं, कोण हवंय? तर म्हणाला, 'लीलाताई आहेत का?' आणि घाबरून लगेच ठेवून दिला. ताई म्हणाला गं! मी तो खोकला तिथेच ओळखला. कारण तोच खोकला मी रोज सकाळी ऐकत होते, तुमच्या पलीकडच्या तिसऱ्या बंगल्यातून."

माझ्या डोळ्यांसमोर बंगले मोजले गेले. एक, दोन, तीन.

"काकू! अप्पा?"

"सवाईला कॉफी कुणाबरोबर प्यायची तुझी सोयीची आत्या? पण बोलला नाही तो शेवटपर्यंत. पोस्टापर्यंत चालायची ताकद होती, तुमच्या फाटकापर्यंत नव्हती. लीला गेली लग्न होऊन इंदूरला. तो शनिवार झाला आणि पुढच्या शनिवारी चारला—"

"काय?"

"श्श! मागे बघू नकोस. येतोय."

सोसायटीचे सेक्रेटरी, डोक्यावर माकडटोपी, हातात पाणीपट्टीची वही, गल्लीच्या टोकाकडून काठी टेकत आमच्याच दिशेनं येत होते. फाटकाशी थांबले. खोकले.

काकूंनी पदर सावरला आणि कुंडीवरूनच मोठ्यांदा म्हणाल्या, "काय अप्पा, गुडघा काय म्हणतोय?"