कानानं बघणारा मिस्त्री

वस्तू घेण्याआधी जाणत्याचा सल्ला घ्यावा, अशी बाकी जगाची पद्धत आहे. कोल्हापुरात वस्तू आधी घेतात, तिला हार घालतात, नारळ फोडतात, पेढे वाटतात आणि मग ती आण्णा मिस्त्रींना दाखवायला नेतात. सल्ल्याची अपेक्षा नसतेच. पैसे गेलेले असतात. ते नेमके कशात गेले, एवढं एकदा अधिकारी तोंडून ऐकायचं असतं.

आण्णांचं वर्कशॉप उद्यमनगराच्या एका बोळात. एक लेथ, एक ड्रिल मशीन, कोपऱ्यात उघडून ठेवलेलं कुणाचं तरी इंजिन आणि त्यावर पसरलेला कालचा पेपर. विहिरीवर विजेची मोटार येण्याआधी इकडचा ऊस ऑइल इंजिनावर पिकायचा आणि ती इंजिनं घडवणारं गाव म्हणून कोल्हापूरचं नाव होतं. त्या फटफटीत आण्णा लहानाचे मोठे झाले आणि कानानं बघायला शिकले. स्क्रूड्रायव्हरचं पातं इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाच्या भोकाशी धरायची, डोळे मिटायचे. मग ‘मेन बेअरिंग’, ‘रिंगा गेल्या’ किंवा ‘मालकानं तेल बदललं न्हाय’ यांपैकी एक वाक्य येतं. काकूंनी आतून जेवायला तीनदा हाक मारली तरी ती पोचत नाही, पण गडहिंग्लजहून आलेल्या फोनवर, पलीकडे इंजिन चालू ठेवून, आण्णांनी नोझल बदलायला लावल्याचं मी स्वतः ऐकलं आहे.

कागदावर मात्र त्यांचा विश्वास नाही. माहितीपुस्तक पुढं केलं की ते त्याच्यावर चहाची कपबशी ठेवतात. “कंपनीनं लिवलंय ते कंपनीला ठावं. गडी काय म्हणतोय ते बघू.” गडी म्हणजे यंत्र. त्यांचे निकाल तीनच. नुसतं ‘हूं’ म्हणजे उत्तम. ‘बरं हाय’ म्हणजे चालेल. आणि ‘जपून वापर’ म्हणजे खड्ड्यात गेलास.

अशा माणसापुढे करवीर तालुक्यातल्या एका खेड्याचा सुजित पिकअपमधून विजेवरची ऑफरोड स्कूटर घेऊन आला. पुण्यात संगणकाची नोकरी, घरी अडीच एकर ऊस, वजन ब्याण्णव. यंत्र मुंबईच्या एका आयातदाराकडचं. स्कूटर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढं सीट, डिकी, पुढं पाय ठेवायला जागा असं येतं. इथं एक जाड फळी, तिच्या दोन टोकांना गाठीगाठींच्या टायरची अकरा इंची चाकं, दोन्ही चाकांत एकेक मोटार, पुढं छातीपर्यंत दांडा आणि त्याला हँडल. बस्स.

आण्णांनी भोवती एक प्रदक्षिणा घातली.

“बसायचं कुठं?”

“उभं राहायचं, आण्णा.”

“एवढं पैसं देऊन उभं?”

खरं तर उभ्यानं पळायची ही हौस नवी नाही. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली ‘ऑटोपेड’ नावाची अशीच उभी स्कूटर निघाली होती. पुढच्या चाकावर छोटं पेट्रोल इंजिन, दांडा पुढं ढकलला की पळायची, मागं ओढला की थांबायची. लंडनच्या लेडी फ्लॉरेन्स नॉर्मन यांचा तिच्यावरचा १९१६ सालचा फोटो प्रसिद्ध आहे. अंगात पायघोळ स्कर्ट आणि चेहरा अगदी निवांत. मी हे सांगितल्यावर आण्णांनी आपल्या धोतराकडे एकदा बघितलं आणि पुढं काही बोलले नाहीत.

सुजितनं आकडे सुरू केले. “छप्पन्नशे वॉट, आण्णा!”

शहरातल्या माणसाला वॉट म्हटलं की बल्ब आठवतो. आण्णांचा हिशेब एचपीत. सातशे शेहेचाळीस वॉटचा एक एचपी, म्हणजे ही साडेसात एचपीची झाली. इथं ते थांबले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला साडेसातची मोटार काय असते हे सांगावं लागत नाही. तिला विहिरीत उतरवायला चार माणसं आणि एक चेनकुप्पी लागते, आणि वर आल्यावर त्या चौघांना जेवण.

“साडेसातची मोटार ह्या दोन चाकांत? फोड करून घातलीय व्हय?”

मग हळूहळू उलगडा झाला. छप्पन्नशे हा काही सेकंदांचा जोर. सलग चालवायची ताकद प्रत्येक चाकात एक हजार वॉट, दोन्ही मिळून पावणेतीन एचपीच्या आत. विहिरीवरची मोटार पाटीवर जे लिहिलंय ते आठ-आठ तास ओढते. ही तेवढं एका दमात दाखवते आणि दम टाकते. आण्णांनी खडूनं फरशीवर ‘७॥’ लिहिलं, खोडलं, ‘२॥।’ लिहिलं. सुजितचा चेहरा त्याच प्रमाणात उतरला.

मग बॅटरी. साठ व्होल्ट, अठ्ठावीस अँपियर-तास, गुणाकार सोळाशे ऐंशी वॉट-तास. म्हणजे वीजबिलातले पावणेदोन युनिटसुद्धा नाहीत. आण्णांनी मल्टिमीटर लावला. काटा सदुसष्टच्या वर. “साठ म्हणतोय आन् सदुसष्ट दावतोय. खोटं बोलणारा गडी चांगल्या बाजूनं खोटं बोलत न्हाय कधी.” सुजितनं सांगितलं की आत सेलच्या सोळा जोडण्या एकामागं एक आहेत, भरलेला सेल चार पूर्णांक दोन व्होल्ट, गुणिले सोळा. साठ हा मधला आकडा. हे आण्णांना पटलं. कामावर आलेला माणूस सकाळी आणि संध्याकाळी सारखा नसतो, एवढं त्यांनाही मान्य आहे.

पटलं नाही ते दुसरंच. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिटांची ऊर्जा असते. म्हणजे शेहेचाळीस किलोच्या या यंत्राच्या पोटात पावशेर पेट्रोलाइतकाही ऐवज नाही. जन्मभर डिझेलच्या बॅरलशेजारी जेवलेल्या माणसाला हा अपमान वाटला. पण आण्णा न्यायी. बिडी विझवून म्हणाले, “थांब. आपलं इंजिन रुपयातलं चार आण्याचं काम करतंय. बारा आणे धुराड्यातनं नि रेडिएटरातनं जात्यात. हे किती करतंय?” सुजित म्हणाला, चौदा आणे. “मग खातंय कमी, कामाला लागतंय जास्ती. सुनेचं लक्षण हाय.” आतून काकूंनी भांडं जरा जोरात ठेवलं. ते त्यांना ऐकू आलं नाही.

खरी पंचाईत पुढं होती.

“चालू कर.”

“चालूच आहे, आण्णा.”

आण्णांनी स्क्रूड्रायव्हर लावला. डोळे मिटले. उघडले. दुसऱ्या चाकाला लावला. बोळातली लेथसुद्धा त्या वेळी नेमकी बंद होती. पन्नास वर्षं ज्यांच्याशी यंत्रं बोलली, त्यांच्यापुढं एक यंत्र तोंड मिटून उभं होतं. आण्णांनी हुंगून बघितलं, रबराचा वास. धूर नाही, तेल नाही, गिअर नाही, क्लच नाही. असा पेशंट पुढ्यात आल्यावर दुसऱ्या कुणी ‘आपलं हे काम नव्हं’ म्हणून हात झटकले असते. आण्णांनी टोपी नीट केली. “रानात चला.”

रानात जाणं भागच होतं. आपल्याकडच्या नियमात, तीस मिनिटांची शक्ती पाव किलोवॉटच्या आत, वेग ताशी पंचवीसच्या आत आणि बॅटरी सोडून वजन साठ किलोपर्यंत असेल, तरच विजेवरचं वाहन मोटार वाहन धरलं जात नाही. नंबरप्लेट नको, लायसन नको. ही स्कूटर वजनात बसते, बाकी दोन्हींत नाही. कंपनी वेग सांगते ऐंशी. म्हणजे रस्त्यावर आणायची तर नोंदणी हवी, आणि नोंदणी होईल असं तिच्यात आरसा, सीट, दिशादर्शक काही नाही.

“मग पळवायची कुठं?”

“स्वतःच्या जागेत.”

“तुज्या बाचं रान अडीच एकर.” आण्णांनी मनात काहीतरी मांडलं. अडीच एकर म्हणजे जवळजवळ शंभर मीटर बाय शंभर मीटर. ऐंशीच्या वेगानं सेकंदाला बावीस मीटर. “ह्या बांधावरनं त्या बांधाला साडेचार सेकंद. त्यातबी ऊस हुबा हाय.”

पाणंदीत पोचल्यावर आण्णांनी आधी मालकालाच तपासलं. कंपनी एका चार्जवर एकशेदहा किलोमीटर सांगते. पण बारीक अक्षरांत माणूस पंचाहत्तर किलोचा, रस्ता सपाट आणि वेग पंचवीस. खताच्या वजनकाट्यावर सुजितला चढवलं, आणि त्यात लपवण्यासारखं काही उरलं नाही. मग त्याला मुरमाच्या माळावर धाडला. माणूस आणि यंत्र मिळून एकशे अडतीस किलो. ते शंभर मीटर उंच उचलायलाच अडतीस वॉट-तास जातात, चाकांची घसट आणि मातीची ओढ वेगळी. शिवाय उभा माणूस म्हणजे वाऱ्यापुढं धरलेलं दार. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा अडथळा चौपट. पंचवीसला हिशेबात असलेला गडी पन्नासला उधळा होतो.

तिसऱ्या चढाला सुजित खाली आला तेव्हा आण्णांनी मागच्या चाकाच्या पोटावर हात ठेवला आणि लगेच उचलला. तिथं पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. यंत्र बोललं! “गिअर न्हाय म्हणालास न्हवं? मग चढाला हळू झाली की ताकद जाती कुठं? तापण्यात.” हे शंभर टक्के खरं. चाकातच बसवलेली बिनगिअरची मोटार संथ चढावर वीज फिरण्याऐवजी तापण्यात घालवते. सुजितनं हे विकत घेण्याआधी तासन् तास वाचलं होतं म्हणे. आण्णांना ते तळहातानं समजलं.

पुढचा प्रश्न ओढ्याचा. सुजित म्हणाला, पाण्याची भीती नाही, आयपीएक्स फाइव्ह आहे.

“पाणी वरनं का खालनं?”

सुजित गप्प. आयपीएक्स फाइव्ह म्हणजे चहूबाजूंनी नळीनं फवारा मारला तरी आत जाणार नाही. पाण्यात बुडवून ठेवायची हमी त्यात नाही. ओढा मात्र खालून येतो. आण्णांनी काडी पाण्यात धरली, काडी फळीच्या तळाला लावून बघितली आणि ओढा रद्द केला.

उताराचं तर त्यांनी न विचारता पकडलं. सुजितचं घर माळावर, रान खाली. मोटारच उलटी ओढून ब्रेक लावते आणि ती वीज बॅटरीत परत जाते, हे ऐकून आण्णा खूश झाले. मग अचानक थबकले. “आन् सकाळी घरातनं फुल भरून निघालास तर? परत आलेली ती ठेवायची कुठं?” बॅटरी काठोकाठ भरलेली असताना तो ब्रेक खरंच ढिला पडतो. म्हणून उताराला हाताच्या डिस्क ब्रेकवरच भिस्त. आणि उभ्या माणसानं पुढचा जोरात दाबला तर स्कूटर थांबते, माणूस पुढं जातो.

शेवटी स्वतः आण्णा चढले. सगळी वस्ती बांधावर जमली. पोरांनी मोबाइल काढले, म्हातारं पडणार याची सगळ्यांना खात्री होती. आण्णांनी धोतराचा काचा खोचला, एक पाय पुढं, एक मागं, गुडघे किंचित वाकवले आणि निघाले. चालणाऱ्या म्हशीपेक्षा हळू. एक बांध असा कापला की मोबाइल धरून पोरांचे हात दुखले. “जोरात कुणीबी पळवतंय. हळू चालली तर ती मशीन.” आणि परतताना, त्या संथ चालीत, त्यांनी मान तिरकी केली. “वरडतंय.”

आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी सुजितला तोच वेग धरायला लावला, स्वतः शेजारून चालत स्क्रूड्रायव्हर दांड्याला टेकवला. “बारीक वरडतंय. आन् झटकं देतंय. वीज पायऱ्या-पायऱ्यांनी सोडतंय ह्यो. सरळ न्हाय.” सुजितनं फोनवर बराच वेळ शोधलं. त्याच्या स्कूटरचा कंट्रोलर जुन्या पद्धतीचा, चौकोनी लहरींचा निघाला. महागातल्या कंट्रोलरमध्ये लहर गोल असते, म्हणून ती गाडी सुरुवातीला झटका देत नाही आणि गप्प राहते. चौकोनी आणि गोल हे शब्द आण्णांनी ऐकले, मान डोलावली आणि स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला. त्या दिवशी त्यांचं पोट तिथंच भरलं होतं.

दांड्याच्या घडीतला किंचित खेळ, मागच्या आसाचा सैल नट आणि आसाच्या तोंडाशी चिमटत आलेली वायर हे तर त्यांनी चहा होईपर्यंत नीट केलं. चार्जर पाहिला, दोन अँपियरचा. अठ्ठावीस भागिले दोन, चौदा तास. “रातच्याला लाव, सकाळच्याला न्हाय झाली तर शिव्या दिऊ नको.”

निकालासाठी सगळे थांबले होते. आण्णा सुजितशी बोललेच नाहीत. त्याच्या वडिलांकडे वळले. “दादा, रातीची लाइट असती तवा उसाला पाणी बघायला जातासा न्हवं? त्याला बरी हाय. उजेड हाय, पेट्रोल न्हाय, पाणंदीत मावती.” दादांनी विचारलं, वैरणीचा भारा बसेल काय. आण्णांनी फळी निरखली आणि मापाची पट्टी काढली. सुजितच्या ऐंशीच्या वेगाचं त्याच जागी काय झालं, ते सांगायला नको.

एकच गोष्ट आण्णांना खटकत राहिली. रातच्याला एवढी गप्प गाडी आली तर वाटेतल्या माणसाला, कुत्र्याला, जनावराला कळणार कसं? विजेच्या गप्प मोटारींनी कमी वेगाला मुद्दाम आवाज काढावा, असा नियम युरोपनं नव्या प्रकारच्या गाड्यांना जुलै २०१९ पासून लावला आहे. आण्णांना तो ठाऊक असायचं कारण नव्हतं. ते गोठ्यात गेले, खुंटीवरची बैलाची घुंगरमाळ काढली आणि दोन क्लिपा मारून हँडलच्या दांड्याला आवळली.

“आण्णा, ह्यानं वजन वाढतंय,” सुजित कळवळून म्हणाला. “रेंज कमी होईल!”

आण्णांनी माळ हातावर तोलली. “दीड किलो हाय. तू रातच्याला दोन भाकऱ्या कमी खा.”