सहा फुटी गृहस्थ

व्हरमाँट, न्यूयॉर्क राज्याचा उत्तर भाग, मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा अशा अमेरिकेच्या थंड पट्ट्यात गावाबाहेर पाच-सात एकर जागा घेऊन राहणारा एक मध्यमवयीन गृहस्थ आढळतो. त्याच्याकडे छोटा ट्रॅक्टर असतो, पण तो शेतकरी नव्हे. त्याच्या जमिनीत एकच पीक येतं, गवत, आणि तेही कापून फेकून देण्यासाठी. पोटापाण्याचा उद्योग विमा कंपनीत, शाळेत किंवा संगणकासमोर चालतो. घर मात्र रस्त्यापासून शंभर मीटर आत असतं आणि तिथवर जाणारी खडीची वाट नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बर्फाखाली जाते. तेव्हा ट्रॅक्टरच्या पुढे बर्फ लोटायचं पातं, म्हणजे स्नो प्लाऊ, लावणं ओघानं आलंच. हे पातं किती फुटी घ्यावं, या प्रश्नाभोवती त्याचं उरलेलं आयुष्य फिरतं.

त्याचा ट्रॅक्टर कॉम्पॅक्ट वर्गातला, म्हणजे साधारण २० ते ५० अश्वशक्तीचा असतो. किंवा त्याहून लहान, म्हणजे सब-कॉम्पॅक्ट. या गृहस्थांच्या पोटजाती रंगावरून ओळखतात: नारिंगी म्हणजे कुबोटावाले, हिरवे म्हणजे जॉन डिअरवाले, आणि लाल रंगात आपले महिंद्रावालेही असतात. महिंद्राने १९९४ मध्ये अमेरिकेत दुकान थाटलं. लाल पत्र्याखालचं छोटं यंत्र अनेकदा जपानी किंवा कोरियन बनावटीचं असतं, पण ते लाल पोटजातीसमोर बोलू नये. रंगांमध्ये रोटी-व्यवहार चालतो. उसनी अवजारं दिली-घेतली जातात. मतपरिवर्तन मात्र होत नाही.

पात्याच्या या रोगाची पहिली लक्षणं सप्टेंबरात दिसतात. झाडांची पानं पिवळी पडू लागली की गृहस्थ मोजपट्टी घेऊन ट्रॅक्टरच्या चाकांमागे वाकलेला दिसतो. वास्तविक निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. पातं सरळ धरून बर्फ लोटला तर तो पुढे साचत जातो, म्हणून पातं साधारण तीस अंशांत तिरकं करून बर्फ कडेला सारतात. तिरकं केलं की त्याची उपयोगी रुंदी घटते. पाच फुटी पातं, म्हणजे ६० इंच, तिरकं झाल्यावर सुमारे ५२ इंच वाट साफ करतं. सहा फुटी पातं ६२ इंच. ही घटलेली रुंदी चाकांच्या बाहेरच्या कडांपेक्षा थोडी जास्त हवी, नाहीतर आपण न काढलेला बर्फ आपल्याच चाकांखाली दाबला जातो आणि त्याचा पक्का बर्फ होतो. सब-कॉम्पॅक्टची चाकं बाहेरून बाहेर चार फुटांच्या आसपास भरतात. ४८ इंचांना ५२ पुरतात. हिशेब संपला.

गृहस्थाचा हिशेब मात्र इथून सुरू होतो. शेजाऱ्याकडे पाच फुटी पातं आहे ही माहिती त्याच्या गणितात कुठेही लिहिलेली नसते, पण उत्तर तिच्यावरूनच येतं. मग तीस अंशांची ती घट तो सहा फुटी पात्याच्या बाजूने साक्षीदार म्हणून उभी करतो. रुंद पात्याने फेऱ्या कमी होतात, डिझेल वाचतं, वेळ वाचतो, असं तो बायकोला समजावून सांगतो. इतकी वर्षं वाट साफ करायला येणाऱ्या ट्रकवाल्याला हंगामाचे किती देत होतो, एवढंच ती विचारते. या प्रश्नाचं उत्तर दिल्याची नोंद सापडत नाही.

दुसरा आणि खरा निम्मा भाग वजनाचा आहे, आणि इथे गृहस्थाची सगळी विद्या कमी पडते. त्याचा विश्वास अश्वशक्तीवर असतो. बर्फ मात्र अश्वशक्तीला विचारत नाही. लोटण्याची ताकद ट्रॅक्टरचं वजन आणि चाकांची पकड यांतून येते. सब-कॉम्पॅक्टचं नुसतं यंत्र जेमतेम सहा-सातशे किलोचं असतं. आता बर्फ पाहा. नुकताच पडलेला कोरडा बर्फ घनमीटरला शंभर किलोपर्यंत भरतो. ओला, जड बर्फ तीनशेच्याही पुढे जातो. शंभर मीटर लांब आणि तीन मीटर रुंद वाटेवर फूटभर बर्फ पडला तर तो नव्वद घनमीटर होतो, म्हणजे कोरडा असल्यास नऊ टन आणि ओला असल्यास सत्तावीस. सहा फुटी पातं सरळ धरून दहा मीटर गेलं की पुढ्यात पाच घनमीटरांहून जास्त माल येतो. त्यातला बराचसा बाजूने सांडतो हे खरं, पण ओल्या बर्फात तो सगळा दीड टनाच्या वर असतो आणि मागे ढकलणारा साडेसहाशे किलोचा. चाकं जागच्या जागी फिरू लागतात. इंजिनाची अश्वशक्ती शाबूत असते. ती हिवाळी हवेत गुरगुरत राहते.

पातं बदलण्याऐवजी गृहस्थ ट्रॅक्टर जड करायला घेतो. मागच्या जोडणीवर काँक्रीटने भरलेली पेटी टांगली जाते. चाकांना साखळ्या चढतात. टायरांत द्रव भरला जातो, आणि तो पुष्कळदा बीटाचा रस असतो: साखर काढून घेतल्यावर उरणारं हे द्रव्य पाण्यापेक्षा सुमारे तीस टक्के जड असतं, कडाक्याच्या थंडीत गोठत नाही आणि चाकाच्या लोखंडाला गंजवत नाही. उपाय अगदी शास्त्रशुद्ध आहेत, आणि पाच फुटी पात्यालाही ते करावेच लागतात. सहा फुटी गृहस्थ फक्त ते दुप्पट प्रमाणात करतो.

पात्याच्या रुंदीचा एक धोका विक्रेता सहसा सांगत नाही, कारण दुकानात जे माप शिल्लक असतं तेच त्याच्या मते योग्य असतं. छोट्या ट्रॅक्टरवर पातं बहुतेक वेळा पुढच्या लोडरच्या बाहूंवर बसवतात. हे बाहू माती उचलण्यासाठी घडवलेले असतात, बाजूचा धक्का खाण्यासाठी नव्हे. रुंद पात्याचं टोक बर्फाखालच्या दगडावर किंवा खुंटावर आदळलं की तरफ लांब होते आणि बाहू पिळवटतो. म्हणून पात्याला स्प्रिंगा असतात. अडथळा लागताच पातं किंवा त्याची खालची कड दुमडून वरून निघून जाते. वाटेतले दगड कुठे आहेत हे गृहस्थाला उन्हाळ्यात पाठ असतं. हिवाळ्यात ते स्प्रिंगांकडून कळतं.

खडीबद्दल थोडक्यात. डिसेंबरच्या आधी जमीन गोठलेली नसते, त्यामुळे पहिल्या बर्फाबरोबर निम्मी खडी हिरवळीवर जाते आणि एप्रिलमध्ये दाताळ्याने परत ओढावी लागते. म्हणून पात्याखाली ते जमिनीपासून जरा वर धरणारे घसरते पाय लावतात, किंवा प्लास्टिकचा पाइप उभा चिरून पात्याच्या धारेवर चढवतात. हा दुसरा उपाय स्वस्त आहे आणि पाहुण्यांना दाखवण्यासारखा.

रुंदीपेक्षा ज्याकडे लक्ष द्यायचं, ते म्हणजे बर्फ ठेवायची जागा. पहिल्याच बर्फात कडा वाटेच्या पुष्कळ बाहेर लोटाव्या लागतात, कारण त्या एकदा गोठल्या की पुढे मागे सरत नाहीत आणि दर बर्फागणिक वाट अरुंद होत जाते. गृहस्थ डिसेंबरात नेमकी दारापुढची जागा चकाचक करतो आणि फेब्रुवारीत दहा फुटी वाटेची सात फुटी गल्ली होते. वाटेच्या तोंडाशी नगरपालिकेचा ट्रक रस्त्यावरचा बर्फ ढकलून मिठाने जड झालेला बांध घालून जातो. तो उचलून सार्वजनिक रस्त्यापलीकडे टाकायला अनेक राज्यांत कायद्याने बंदी आहे. गृहस्थ आधी दोन्ही बाजूंना पाहतो.

पात्याला मर्यादा असते हे बफेलो शहराच्या आसपास राहणाऱ्यांना सांगावं लागत नाही. ईरी सरोवरावरून येणारी वाफ तिथे बर्फ होऊन कोसळते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्क गावात काही दिवसांत सुमारे ८० इंच बर्फ पडला. एवढ्या बर्फापुढे कुठलंही पातं निरुपयोगी. तिथे तो भिरकावणारा ब्लोअर किंवा लोडरचं खोरं लागतं. सहा फुटी गृहस्थ खिडकीतून पाहत म्हणतो, आठ फुटी घ्यायला हवं होतं.

खरी मापं अशी आहेत: २५ अश्वशक्तीच्या आतल्या ट्रॅक्टरला पाच फुटी, २५ ते ३५ ला सहा ते साडेसहा फुटी, त्यापुढे आणि वजन दीड टनावर असेल तर सात फुटी. आठ फुटी पातं पिकअप ट्रकांसाठी असतं. शंका असेल तिथे लहान माप घ्यावं. गृहस्थाला हे सगळं तोंडपाठ असतं आणि विचारणाऱ्याला तो हेच सांगतो. स्वतः मात्र छोट्या ट्रॅक्टरला सहा फुटी पातं घेतो, आणि दोन हिवाळ्यांत त्या पात्याला शोभेल असा ट्रॅक्टर आणतो.