टीव्हीच्या पोटात की टीव्हीच्या बाजूला?

दुकानात उभं राहून ‘याच्यात सेट टॉप बॉक्स इनबिल्ट आहे का?’ असं विचारणाऱ्या आणि ‘सगळं आहे, साहेब’ या उत्तरावर समाधान मानून घरी आलेल्या सर्व नवशिक्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. दुकानदार खोटं बोललेला नाही. त्याचं ‘सगळं’ आणि तुमचं ‘सगळं’ वेगळं, एवढंच.

पायरी पहिली : पाठ बघा

भिंतीवर टीव्ही ठोकायला माणूस येण्याआधी टीव्हीची पाठ नीट बघून घ्या. ही संधी पुन्हा मिळत नाही. एकदा टीव्ही भिंतीला चिकटला की त्याच्यामागे फक्त पाल जाऊ शकते, आणि तिला पिना ओळखता येत नाहीत.

वायर नुसती दाबून बसवायची गोल जागा दिसली, तर ती बहुधा अँटेनाची किंवा केबलची. शेजारी आटे असलेली, वायर फिरवून घट्ट करायची दुसरी जागा दिसली, तर तुमच्या टीव्हीच्या पोटात उपग्रहाचाही ट्यूनर असण्याची दाट शक्यता आहे. खात्री करायची तर माहितीपुस्तिका उघडा. (होय, ती याच कामासाठी असते. वॉरंटी कार्ड दडवून ठेवायला नव्हे.) तिथे डीव्हीबी-टी२, डीव्हीबी-सी, डीव्हीबी-एस२ अशी अक्षरं सापडतील. टी जमिनीवरच्या मनोऱ्याचा, सी केबलचा आणि एस उपग्रहाचा. टीव्ही ‘स्मार्ट’ असल्याचा या एसशी काहीही संबंध नाही.

टीवर फार वेळ घालवू नका. दूरदर्शनने २०१६ साली मुंबईसह १६ शहरांत त्या पद्धतीचं प्रक्षेपण सुरू केलं, पण त्यावर दिसतं ते दूरदर्शनचंच, आणि तेही मोजकं.

पायरी दुसरी : कान आणि किल्ली

ट्यूनर म्हणजे कान. हवेतून किंवा वायरीतून येणाऱ्या कल्लोळातला नेमका एक आवाज तो निवडतो. सेट टॉप बॉक्सलाही असाच कान असतो. फरक हा की बॉक्सच्या खिशात किल्लीही असते. पैसे भरून बघायची चॅनेलं कुलूप लावून पाठवतात, आणि ते कुलूप कंपनीचं कार्ड असलेल्या बॉक्सलाच उघडता येतं. तुमच्या टीव्हीचा कान कितीही तिखट असो, त्याला बंद दाराबाहेर उभं राहावं लागतं. पडद्यावर तेव्हा ‘स्क्रॅम्बल्ड’ असा शब्द येतो. तो बिघाड नाही. दार वाजवल्याचा आवाज समजा.

पूर्वी असं नव्हतं. केबलवाल्याची वायर थेट टीव्हीत खुपसली की काम झालं. मग डिजिटायझेशनचा कायदा आला. मुंबईसह चार महानगरांना ३१ ऑक्टोबर २०१२ ची मुदत होती. पुणे, नागपूर, नाशिक यांना ३१ मार्च २०१३ ची. घरोघरच्या टीव्हींचे धडधाकट ट्यूनर त्या मुदतीत सक्तीने निवृत्त झाले. तेव्हापासून टीव्ही हा निव्वळ पडदा आहे. चॅनेल कुठलं लावायचं, हे बाजूचा डबा ठरवतो.

पायरी तिसरी : घराची जनगणना करा

नवशिके इथे चुकतात. ते टीव्हीचे आकडे वाचतात आणि घरातली माणसं मोजत नाहीत. आजोबांना सह्याद्री लागते? ती खुली आहे, पोटातला ट्यूनर पुरे. आईची मालिका? ती कुलपातली असेल तर बॉक्स. मुलाला क्रिकेट? बॉक्स, किंवा अ‍ॅप. मुलगी काय बघते? तिच्या खोलीचं दार लावलेलं आहे, पुढच्या माणसाकडे वळा.

पायरी चौथी : पोटातला ट्यूनर जागा करणे

धाडसी वाचकांसाठी. दूरदर्शनची ‘फ्री डिश’ ही सेवा २००४ साली डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिच्यावरची बरीचशी चॅनेलं बिनकुलपाची आहेत. छत्री एकदाच विकत घ्यायची, पुढे महिन्याला काहीही द्यायचं नाही. सरकारलाही ही कल्पना आवडते. भारतीय मानक ब्युरोने उपग्रहाचा ट्यूनर पोटात असलेल्या टीव्हीसाठी आयएस १८११२:२०२२ हे खास मानकच काढलं आहे.

छत्री जीसॅट-१५ कडे वळवायची असते. तो ९३.५ अंश पूर्वेला, विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. म्हणजे महाराष्ट्रातून आग्नेयेला. वास्तुवाले आग्नेय कोपरा चुलीसाठी राखतात. उपग्रहाने तो न विचारता घेतला. पुण्यातून बघायचं तर क्षितिजापासून जवळजवळ ६० अंश वर. छत्री मात्र बरीच खाली बघतेय असं वाटेल, कारण तिचा वाडगा मुद्दाम तिरपा कापलेला असतो. तिचा हा तिरकस स्वभाव ठाऊक नसलेला मी तासभर शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीचं प्रक्षेपण पकडायचा प्रयत्न करत होतो.

आता मेनूत जा. उपग्रहांची यादी उघडली की हॉटबर्ड, अ‍ॅस्ट्रा, टर्कसॅट अशी पाहुणेमंडळी भेटतील. ती युरोपकडची आहेत, त्यांना नमस्कार करून पुढे व्हा. यादीत इन्सॅट-४बी असं नाव दिसलं तरी चालेल. जीसॅटच्या आधी त्याच जागेवर तोच होता. तेही नसेल तर कुठलाही एक उपग्रह निवडा आणि त्याच्यावर आपली माहिती चढवा. एलएनबीच्या रकान्यात ९७५०/१०६०० लिहा. एलएनबी म्हणजे छत्रीच्या तोंडासमोरचा तो बोंडासारखा भाग. त्याला लागणारी १३ किंवा १८ व्होल्टची वीज टीव्हीच त्याच वायरीतून वर पाठवतो. खाली चित्र येतं, वर वीज जाते. म्हणून वायर लावता-काढताना टीव्ही बंद ठेवा.

चॅनेलं सापडली की मोबाइलवर यादीचा फोटो काढून ठेवा. फ्री डिशवरच्या जागांचा लिलाव होतो आणि वाटप साधारण आर्थिक वर्षाप्रमाणे चालतं, त्यामुळे १ एप्रिलला लाडकं चॅनेल गायब झालेलं असू शकतं. थट्टा नाही. पुन्हा स्कॅन करा.

पायरी पाचवी : बॉक्स घेतलाच तर

घ्यालच. मीही घेतला. ट्यूनर लावून, घाम पुसून, मी अभिमानाने सगळ्यांना बोलावलं. बायकोने रिमोट हातात घेतला, दोन वेळा वर-खाली केलं आणि विचारलं, ‘माझी मालिका कितव्या नंबरला?’ आठवड्यात बॉक्स आला.

बॉक्सबरोबर दुसरा रिमोट येतो. आवाज एकाने, चॅनेल दुसऱ्याने, आणि इनपुट कुठल्याने हे कुणालाच माहीत नसतं. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी मिळाल्या तर त्या परत द्या आणि एचडीएमआय मागा, नाहीतर ४३ इंची टीव्हीवर निवेदिका धुक्यातून बातम्या देईल. बिलाचं गणित समजून घेण्याचा हट्ट सोडा. २०१९ साली ट्रायने पहिल्या १०० चॅनेलांच्या नेटवर्क शुल्काला १३० रुपयांची मर्यादा घातली, म्हणजे जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. ते फक्त दारापर्यंत यायचं भाडं होतं. आतल्या पैशांच्या चॅनेलांचं वेगळं.

एक कंपनी सोडून दुसरी धरली की पहिलीचा बॉक्स निरुपयोगी होतो. कुठलाही बॉक्स कुठल्याही कंपनीला चालावा, अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली. आमच्या माळ्यावरचे तिन्ही बॉक्स तिची वाट बघत आहेत. पावसाळ्यात मात्र सगळे सारखे. जोराची सर आली की छत्रीपर्यंत येणाऱ्या लहरी पाण्यातच विरतात. फुकटवाला आणि पैसे भरणारा, दोघांच्या पडद्यावर ‘नो सिग्नल’.

सध्या आमच्या गॅलरीत दोन छत्र्या आहेत, कारण दोघींचे उपग्रह वेगळे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोनदा विचारून झालंय. गेल्या महिन्यात रिचार्ज संपला तो ऐन संध्याकाळी. मी टीव्हीचा स्वतःचा रिमोट शोधला, त्यातले सेल बॉक्सच्या रिमोटला लावलेले होते, ते परत काढले, आणि सह्याद्रीवर सातच्या बातम्या लावल्या. बाबा म्हणाले, ‘आता जरा राहू दे, रिचार्ज उद्या कर.’