पाच वर्षे, त्याहून अधिक नाही

छत्रपती संभाजीनगरच्या महापालिकेत एप्रिल 2020 अखेरपासून जानेवारी 2026 पर्यंत एकही नगरसेवक नव्हता. पावणेसहा वर्षांत कुणी महापौरांपुढचा राजदंड पळवला नाही.

संविधानाचा अनुच्छेद 243 यू सांगतो, की महापालिकेची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षे, त्याहून अधिक नाही. आणि ती संपायच्या आत नवी निवडणूक उरकलेली हवी. आपण यातला पहिला अर्धा भाग तंतोतंत पाळला. नगरसेवकांना वेळेवर घरी पाठवलं. उरलेला अर्धा वाचायला कुणाला सवड झाली नाही.

आधी कोरोना आडवा आला. मान्य. पण त्याच कोरोनात 15 जानेवारी 2021 ला राज्यातल्या हजारो ग्रामपंचायतींचं मतदान झालं. विषाणू शहरातल्याच मतदान केंद्रावर टपून बसला होता म्हणायचं! मग ओबीसी आरक्षणाचा खटला, मग प्रभाग तीन नगरसेवकांचा की चौघांचा हा घोळ. सरकार बदललं की प्रभागाचं गणितही बदलायचं. मधल्या काळात याच शहरानं 2024 च्या मे महिन्यात खासदार निवडला, नोव्हेंबरात आमदार निवडले. तेव्हा मतदार होते, शाई होती, यंत्रंही होती.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननंही निवडणूक टाळली. 1935 नंतरची थेट 1945 ला घेतली. पण त्यासाठी दर वर्षी संसदेत मुदतवाढीचा कायदा आणावा लागे. डोक्यावर बॉम्ब पडत असतानाही कुणाला तरी उभं राहून ‘यंदाही नको’ म्हणावं लागे, इतरांना होकार द्यावा लागे. एका दस्तऐवजात लिहिलेलं संविधान नाही त्या देशाची ही गोष्ट. आपल्याकडे मुदत वाढवलीच नाही, त्यामुळे कुणाची संमतीही लागली नाही. प्रशासक बसले. त्यांनीच अर्थसंकल्प मांडला, त्यांनीच मंजूर केला.

‘प्रशासकच बरे होते की,’ असं शहरातल्या गुलमंडीवर आजही ऐकू येतं, आणि मागचे नगरसेवक आठवले की मीही क्षणभर मान डोलावतो. पण पाणी योजनेचा आकडा 1,680 कोटींवरून 2,740 कोटींवर गेला, तेव्हा ‘हे कसं काय?’ असं सभागृहात उठून विचारायला कुणी नव्हतं. सभागृहच नव्हतं.

शेवटी 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं खडसावलं : चार आठवड्यांत अधिसूचना काढा, चार महिन्यांत निवडणुका उरकण्याचा प्रयत्न करा. त्यावरही मुदत वाढवून मागितली गेली, 31 जानेवारी 2026 पर्यंत मिळाली. मतदान झालं 15 जानेवारीला. म्हणजे 2021 ला मत दिलेल्या गावांची पाच वर्षे उलटली त्या दिवशी शहराच्या बोटाला शाई लागली. उशिराबद्दल दंड कुणाला? अनुच्छेदात मुदत आहे, ती चुकवणाऱ्याचं काय करायचं ते नाही.

शहराला याचा सराव जुना म्हणा. महापालिका स्थापन झाली 8 डिसेंबर 1982 ला, पहिली निवडणूक 1988 मध्ये. पण अनुच्छेद 243 यू आणणारी 74 वी घटनादुरुस्ती लागू झाली 1 जून 1993 पासून. त्या पहिल्या उशिराच्या वेळी मोडायला निदान नियम तरी नव्हता.